सोसायटीत अँटीबॉडी कॅम्प लावायचाय : डेंग्यू किती पसरलाय ते यातून कळेल का?

पामबीच_वारा (धागाकर्ता)
मंडळी, नमस्कार. नेरूळला आमची सिडकोच्या जमान्यातली सोसायटी आहे, बैठ्या चाळीपासून टॉवरपर्यंत सगळं शेजारी शेजारी असतं त्या भागात. गणपतीच्या आधीपासून डेंग्यूचे पेशंट निघतायत, बी विंगमध्ये जरा जास्तच. आता एका लॅबने कमिटीला ऑफर दिली आहे. रविवारी क्लबहाउसमध्ये कॅम्प, सगळ्यांची डेंग्यू आयजीजी (लागणीनंतर रक्तात तयार होणारी एक अँटीबॉडी), ग्रुप रेट. सेक्रेटरींचं म्हणणं असं की कोविडमध्ये सेरो सर्वे (रक्तातल्या अँटीबॉडीवरून किती जणांना लागण होऊन गेली ते बघणारी पाहणी) झाले होते तसाच आपण आपला छोटा सर्वे करू. कुठल्या विंगमध्ये किती टक्के लोकांना होऊन गेलाय ते कळलं की फवारणी तिथे वाढवायची.

ऐकायला ठीक वाटतं. पण मी खजिनदार, चेकवर सही माझी. सही करण्याआधी इथल्या जाणकारांना विचारतोय. वैद्यकीय सल्ला नकोय, एवढंच सांगा की या तपासणीतून हवी ती माहिती मिळते का?

घोडबंदरी
वाचतोय. आमच्याकडेही हीच लॅब बहुतेक फिरतेय. पॅकेजमध्ये व्हिटॅमिन डी फुकट आहे का? :)

आकडेमोड्या
पामबीच, सही थांबवा. कारण सांगतो.

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017-18 मध्ये डेंग्यूचा देशव्यापी सेरो सर्वे केला होता. 15 राज्यं, 12,300 लोक, वय 5 ते 45. त्यात डेंग्यूची आयजीजी सापडली 48.7 टक्के लोकांमध्ये. आपल्या पश्चिम विभागात 62.3 टक्के. म्हणजे बी विंग, सी विंग कुठलीही घ्या, प्रौढांमध्ये निम्म्याहून जास्त लोक पॉझिटिव्ह आले तर ते अपेक्षितच आहे. यातल्या बहुतेकांना कधी काळी लागण झाली असेल. कुणाला 2006 मध्ये, कुणाला शाळेत असताना, कुणाला 'व्हायरल होता' म्हणून क्रोसिनवर निभावलेल्या तापात. या पावसाळ्यात काय झालं ते आयजीजी सांगतच नाही.

त्यातून विंगविंगचा फरक दिसलाच तर तो डासांचा नसून वयाचा असण्याची शक्यता जास्त. ज्या विंगमध्ये आजी-आजोबा जास्त तिथे टक्केवारी जास्त येणार. जितकी जास्त पावसाळी वर्षं अंगावरून गेली तितकी लागण होऊन गेलेली असण्याची शक्यता वाढते.

पामबीच_वारा
मग कोविडच्या वेळी कसं चाललं? तेव्हा तर सगळीकडे सेरो सर्वेच्याच बातम्या.

आकडेमोड्या
कारण तेव्हा विषाणू नवा होता. 2020 च्या सुरुवातीला इथे कुणाकडेच त्याच्या अँटीबॉडी नव्हत्या, पाटी कोरी होती. त्यामुळे जून-जुलैत सापडलेली प्रत्येक खरी पॉझिटिव्ह ही गेल्या काही महिन्यांतलीच लागण. डेंग्यू आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे.

कळव्याची_लॅबवाली
आकडेमोड्यांशी सहमत. मी लॅब टेक्निशियन आहे, मुंबईच्या पहिल्या सेरो सर्वेत रक्त गोळा करायच्या टीममध्ये होते, त्यामुळे थोडं लांबवते, माफ करा.

डेंग्यूत तीन वेगवेगळ्या तपासण्या असतात आणि लोक त्या तिन्हींना 'डेंग्यूची टेस्ट' म्हणतात. सगळा गोंधळ तिथे होतो.

एनएसवन हे विषाणूचंच प्रथिन. तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत रक्तात सापडतं. ही अँटीबॉडी नव्हे. मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीची अँटीबॉडी, वर येते आणि दोन-तीन महिने टिकते. आयजीजी पहिल्याच लागणीत दुसऱ्या आठवड्यात दिसायला लागते आणि वर्षानुवर्षं राहते. दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तर मात्र आयजीजी पहिल्या काही दिवसांतच झपकन वर जाते.

म्हणून तापाची तारीख माहीत नसताना आलेला रिपोर्ट अर्धा निरुपयोगी. आमच्याकडे फॉर्मवर 'ताप कधीपासून' हा रकाना असतो आणि दहातले सात लोक तो रिकामा सोडतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून निगेटिव्ह आली की 'डेंग्यू नाही' म्हणून घरी जातात. दहाव्या दिवशी एनएसवन केली तरी तेच. आणि जुलैत ताप येऊन गेलेल्या माणसाची आयजीएम सप्टेंबरात पॉझिटिव्ह आली की तो नवा पेशंट म्हणून मोजला जातो.

आणखी एक. दहा-पंधरा मिनिटांत दोन रेघा दाखवणारी कार्ड टेस्ट आणि एलायझा (प्रयोगशाळेत मशीनवर होणारी तपासणी) या एक नव्हेत. सरकारी मोजणीत पक्की केस धरायला एलायझा लागते, एनएसवनची किंवा आयजीएमची. आयजीएमच्या एलायझाचे किट पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) बनवते आणि ते सेंटिनल, म्हणजे सरकारने पाहणीसाठी नेमलेल्या, रुग्णालयांना मिळतात. कार्डवर पॉझिटिव्ह आला तर तो 'संशयित'च. कॅम्पमध्ये बहुधा कार्डच वापरतील, विचारून घ्या.

सडेतोड_ठाणेकर
सगळा लॅबवाल्यांचा धंदा आहे हो. कोविडमध्येही हेच केलं. झोपडपट्टीत 57 टक्के म्हणाले, आणि पुढच्या सर्वेत तोच आकडा कमी झाला. लागण झालेला माणूस 'न झालेला' कसा होतो? आकडे हवेतून काढायचे आणि पेपरात छापायचे.

कळव्याची_लॅबवाली
सडेतोड, प्रश्न चांगला आहे. सूर सोडून द्या.

मुंबईचा जुलै 2020 चा सर्वे तीन वॉर्डांत झाला होता, दहिसरचा आर-नॉर्थ, चेंबूरचा एम-वेस्ट आणि माटुंग्याचा एफ-नॉर्थ. महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) अशा संस्था त्यात होत्या. झोपडपट्टीत 57 टक्के आणि इमारतींत 16 टक्के. ऑगस्टमध्ये त्याच वॉर्डांत पुन्हा केला तेव्हा 45 आणि 18.

पहिल्या सर्वेत जी तपासणी वापरली ती विषाणूच्या आतल्या एन प्रथिनावरची आयजीजी शोधणारी होती, आणि त्या अँटीबॉडी बऱ्याच जणांत काही महिन्यांत इतक्या उतरतात की मशीनच्या मर्यादेखाली जातात. माणसाला लागण झाली होती हे खरंच असतं, फक्त ते त्या यंत्राला दिसेनासं होतं. झोपडपट्टीत लागण लवकर झाली, म्हणून तिथला आकडा आधी उतरायला लागला. इमारतींत लागण अजून चालूच होती, म्हणून तिथला वर जात होता.

आकडेमोड्या
मार्च 2021 चा तिसरा जोडा. झोपडपट्टी 41.6, इमारती 28.5. हा उतार-चढाव पाहून तेव्हाच कुणी म्हणायला हवं होतं की इमारतींमध्ये अजून सत्तरेक टक्के लोक लागण न झालेले आहेत. दुसऱ्या लाटेत रुग्ण कुठून जास्त निघाले ते सगळ्यांना आठवत असेल.

पण इथे एक फरक विसरू नका. तिसऱ्या सर्वेत कुणाच्या घरी गेले नव्हते. 24 वॉर्डांतून दवाखान्यांत आणि लॅबमध्ये इतर कामासाठी आलेलं 10,197 लोकांचं रक्त, नाव-गाव पुसून, तपासलं होतं. म्हणजे पहिले दोन एका जातीचे आणि तिसरा वेगळ्या जातीचा. तिन्ही आकडे एका रेघेवर मांडून 'घटले' म्हणणं बरोबर नाही. दवाखान्यात येणारा माणूस आणि घरी सापडणारा माणूस सारखे नसतात.

सडेतोड_ठाणेकर
म्हणजे मी म्हटलं तेच. आकड्यावर विश्वास नको.

आकडेमोड्या
आकडा कसा काढलाय ते बघितल्याशिवाय विश्वास नको, असं म्हणा. यात आणि तुमच्या वाक्यात बरंच अंतर आहे.

सुमेधा_ऐरोली
लॅबवाली ताई, इमारतीत 16 टक्के हा आकडा तेव्हाही मला कमी वाटला होता. लोक रक्त देत होते का तरी?

कळव्याची_लॅबवाली
सुमेधा, तेच तर खरं दुखणं. वस्तीत गेलं की आधी पोरं गोळा व्हायची, मग बायका, मग 'ताई, माझं पण घ्या'. आम्हाला घरटी एकच माणूस घ्यायचा असायचा, तर बाकीच्यांना नाही म्हणताना नाकीनऊ यायचे. टॉवरमध्ये उलट. गेटवर वॉचमन, मग इंटरकॉम, मग सेक्रेटरींची परवानगी, मग 'आमच्याकडे सगळे ठीक आहेत, दुसरीकडे बघा'. पीपीई घातलेली माणसं लॉबीत उभी दिसली की लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून परत जायची. एका सोसायटीने तर आम्हाला गाड्यांच्या रॅम्पवर टेबल टाकायला लावलं, आत नाही.

ज्याने नकार दिला तो लागण झालेला होता की नव्हता, हे कुणालाच कळत नाही. एकूण 8,870 जणांचं रक्त घ्यायचं ठरलं होतं, मिळालं 6,936 चं. उरलेले जे नाहीत, त्यांच्याविषयी तुम्ही काहीही गृहीत धरलं तरी ते गृहीतच. तुमच्या रविवारच्या कॅम्पला हेच लागू, पामबीच. कोण येणार? ज्यांच्या घरात ताप येऊन गेलाय ते, आणि ज्यांना सगळ्याच टेस्ट करायची हौस आहे ते. कामावर जाणारे, लहान मुलांचे आईबाप, भाडेकरू, घरकामाच्या बायका हे येणार नाहीत. वॉचमनची तपासणी तर कमिटीच्या डोक्यातही नसेल.

पामबीच_वारा
नाहीच आहे. यादी फ्लॅटमालकांची आहे. वॉचमन रात्रभर तळमजल्यावर, तिथेच सगळ्यात जास्त डास.

खाडीपल्याड
मजेची गोष्ट आठवली. 2021 मध्ये आमच्या ग्रुपवर अँटीबॉडीचे आकडे टाकायची चढाओढ लागली होती. 'माझे अडीचशेच्या वर', 'माझे एकशे दहाच, बूस्टर कधी?' एक काका तर रोज सकाळी स्वतःचा आकडा गुड मॉर्निंगसोबत टाकायचे. नंतर कळलं की तीन लॅब, तीन मशीन, तीन एककं. काकांचा 'कमी' आणि बाजूच्यांचा 'जास्त' याची तुलनाच होत नव्हती.

कळव्याची_लॅबवाली
खाडीपल्याड, आणि त्यातले बहुतेक स्पाइक (विषाणूच्या बाहेरच्या काट्यांच्या) प्रथिनावरचे आकडे होते. कोविशील्ड घेतलेल्याच्या रक्तात लसीमुळे फक्त स्पाइकवरच्या अँटीबॉडी तयार होतात. एन वरच्या सापडल्या तर खरी लागणही होऊन गेली, असं म्हणता येतं. कोवॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने एन वरच्याही येऊ शकतात, तिथे ही युक्ती चालत नाही. लसीकरण सुरू झाल्यावर सर्वे करणाऱ्यांची डोकेदुखी वाढली ती यामुळे.

जून-जुलै 2021 च्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेत 67.6 टक्के आले, त्यात लागण आणि लस दोन्ही मिसळलेले होते.

नवखा_एमएस्सी
मी वाशीत मायक्रोबायोलॉजी करतोय. आकडेमोड्या सर, किटच्या चुकांचा हिशेब कसा करतात? आम्हाला संवेदनशीलता आणि विशिष्टता शिकवतात पण सर्वेत त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

आकडेमोड्या
'सर' नको, पण प्रश्न एक नंबर. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून बैठक मारून लिहितो.

एनआयव्हीने मे 2020 मध्ये कोविड कवच नावाची आयजीजी एलायझा तयार केली. तिची जाहीर संवेदनशीलता 92.37 टक्के आणि विशिष्टता 97.9 टक्के. म्हणजे खऱ्या शंभर पॉझिटिव्हमधले सुमारे 92 पकडते, आणि खऱ्या शंभर निगेटिव्हमधल्या दोघांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते. दोनच तर! असं वाटतं ना?

आता 1,000 लोक घे. समज खरी लागण 1 टक्का, म्हणजे 10 जण. त्यातले 9 सापडले. उरलेले 990 निगेटिव्ह, त्यांच्या 2.1 टक्के म्हणजे 21 जण खोटे पॉझिटिव्ह. एकूण 30 पॉझिटिव्ह, त्यातले 21 खोटे. तू रिपोर्ट हातात दिलास त्यातल्या दर दहात सात जणांना चुकीचं सांगितलंस. त्याच किटने, त्याच टेक्निशियनने, लागण 50 टक्के असलेल्या वस्तीत तपासलं तर 500 पैकी 462 खरे सापडतील आणि खोटे फक्त 10-11. किट तेच, रिपोर्टची किंमत वेगळी.

सर्वेत हे दुरुस्त करता येतं. रोगन आणि ग्लॅडन यांनी 1978 मध्ये दिलेलं सूत्र आहे. मिळालेलं प्रमाण अधिक विशिष्टता वजा एक, याला भागायचं संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा एक याने. करून बघ. मिळालं 5 टक्के, तर 0.05 + 0.979 − 1 = 0.029, भागिले 0.9027, उत्तर 3.2 टक्के. मिळालं 50 टक्के, तर 0.479 भागिले 0.9027, उत्तर 53 टक्के. प्रमाण कमी असेल तर दुरुस्तीनंतर ते आणखी खाली येतं, जास्त असेल तर वर जातं.

लक्षात घे, सूत्र वस्तीचं प्रमाण दुरुस्त करतं. त्या 30 मधले खोटे 21 कोण, ते सांगू शकत नाही. एकेका माणसाच्या हाती रिपोर्ट देताना ही सोय तुझ्याकडे नसते.

सुमेधा_ऐरोली
हे छान समजलं. म्हणूनच कोविडच्या मे-जून 2020 च्या सर्वेचा पहिला राष्ट्रीय आकडा 0.73 टक्के इतका कमी आला होता ना? दुरुस्त करून?

आकडेमोड्या
हो, आणि प्रमाण इतकं कमी असताना दुरुस्ती न करता छापलं असतं तर अनर्थ झाला असता. 28,000 लोक, 70 जिल्हे, दर जिल्ह्यात 10 गावं किंवा वॉर्ड, दर ठिकाणी 40 जण, घरटी एक प्रौढ. महाराष्ट्रातले जिल्हे बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव. ठाणे जिल्हा या सहात नव्हता. तेव्हा ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या लोकांनी 0.73 आपल्याला लावून बघितला, एपीएमसी मार्केट बंद ठेवायची वेळ आलेली असताना!

त्या सर्वेतली खरी कामाची गोष्ट वेगळीच होती. एका नोंदलेल्या रुग्णामागे प्रत्यक्षात 82 ते 130 लागणी झाल्या असाव्यात, असा अंदाज त्यातून निघाला. दुसऱ्या सर्वेत, ऑगस्ट-सप्टेंबर 2020 मध्ये, तो 26 ते 32 वर आला. म्हणजे मधल्या काळात चाचण्या वाढल्या आणि जास्त रुग्ण पकडले जाऊ लागले. अशा प्रश्नासाठी रक्ततपासणीला तोड नाही.

सडेतोड_ठाणेकर
मान्य. हे 82 ते 130 कुणी तेव्हा नीट सांगितलं असतं तर मी एवढा वैतागलो नसतो.

घोडबंदरी
सडेतोडांनी 'मान्य' लिहिलं. स्क्रीनशॉट घेतला. :)

खाडीपल्याड
अवांतर, पण अँटीबॉडीचा उपयोग फक्त माणसांत नाही. एनआयव्हीच्या लोकांनी महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाच्या अँटीबॉडी शोधल्या होत्या. नमुने 2020 चे, बातमी 2021 ची. तेव्हा राज्यात निपाचा एकही रुग्ण नव्हता. विषाणू हातात सापडला नाही तरी तो येऊन गेला हे रक्त सांगतं. आमच्या कॉलनीत बातमी वाचून लोकांनी जांभळाची झाडं तोडायला अर्ज दिला होता, ते वेगळं.

पामबीच_वारा
चर्चा छान चाललीय, पण माझा चेक. आयजीजी नको हे कळलं. मग बी विंगमध्ये डास आहेत का, आणि ताप किती पसरलाय, हे कसं शोधू?

कळव्याची_लॅबवाली
पैसे दोन ठिकाणी घाला.

एक, एक साधी वही. गेल्या दोन महिन्यांत कुणाला ताप आला, कधी सुरू झाला, कुठली तपासणी कितव्या दिवशी झाली, निकाल काय. नावाऐवजी फ्लॅटचा मजला आणि विंग लिहा. नवा ताप आला तर पाच दिवसांच्या आत एनएसवन, नंतर आयजीएम, शक्यतो एलायझा. महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन विचारा, लॅबला आधी पैसे देऊ नका.

दोन, अळ्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही, बहुधा शेदोनशे मीटरच्या आतच. तो तुमच्याच आवारात जन्मतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. फ्रिजच्या मागची ट्रे, मनी प्लांटची बाटली, एसीचं पाणी पडतं ती बादली, गच्चीवरची तुटकी टाकी, रिडेव्हलपमेंटच्या साइटवरचे लिफ्टचे खड्डे. पाहणी करताना दोन आकडे काढा. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, तो हाउस इंडेक्स. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. विंगवार काढा. फवारणी कुठे करायची ते यातून कळेल.

धुराची फवारणी फक्त उडते डास मारते, अळ्यांना काही होत नाही. पण लोकांना धूर दिसला की बरं वाटतं आणि कमिटीला काम केल्यासारखं दिसतं, त्यामुळे ती होणारच.

कोपरीची_मावशी
मला वेगळीच भीती वाटते. 2020 मध्ये आमच्या सोसायटीच्या बोर्डावर पॉझिटिव्ह लोकांची नावं लावली होती, फ्लॅट नंबरसकट. त्या घरच्या पोरीला दूधवाल्याने दारात दूध द्यायचं बंद केलं. उद्या डेंग्यूचा रिपोर्ट कमिटीच्या ग्रुपवर पडला तर? डेंग्यू माणसाकडून माणसाला होत नाही हे किती जणांना ठाऊक आहे? अमुक घरात पॉझिटिव्ह म्हणजे त्यांच्या घरात घाण, असा अर्थ लगेच काढतात.

आकडेमोड्या
मावशी, अगदी बरोबर. एचआयव्हीच्या पाहणीत हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. गरोदर बायकांचं रक्त नेहमीच्या तपासणीसाठी घेतलेलंच असायचं, त्यातला उरलेला थोडा भाग नाव काढून टाकून तपासायचे. कुठल्या बाईचं रक्त ते टेक्निशियनलाही कळत नसे. टक्केवारी मिळायची, नाव कुणालाच नाही. सोसायटीचा कॅम्प याच्या बरोबर उलटा आहे. तिथे टक्केवारीला अर्थ नाही आणि नावं सगळ्यांना कळणार.

सुमेधा_ऐरोली
पण मग डेंग्यूच्या आयजीजीचा उपयोग कुठेच नाही का? ताईंनी सांगितलं तशी ती वर्षानुवर्षं राहत असेल तर काहीतरी अर्थ असेल ना.

आकडेमोड्या
आहे, मोठा आहे. मुलांमध्ये बघायची. डेंग्यूच्या त्या 2017-18 च्या राष्ट्रीय सर्वेत 5 ते 8 वयात 28.3 टक्के, 9 ते 17 मध्ये 41, आणि 18 ते 45 मध्ये 56.2. साडेसहा वर्षांचं मूल म्हणजे साडेसहा पावसाळे. त्यात 28 टक्के लागण, तर कच्चा हिशेब मांडला की दरवर्षी लागण न झालेल्यांपैकी साधारण पाच टक्के मुलांना विषाणू गाठतो. नव्या मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत गावठाणं, एमआयडीसीच्या कडेच्या वस्त्या, सिडकोचे नोड आणि पामबीचचे टॉवर अशा चार गटांत मुलांची अशी पाहणी केली तर डास नेमके कुठे जास्त चावतात याचा वर्षानुवर्षांचा नकाशा मिळेल. फवारणीचं बजेट त्यावरून ठरवता येईल.

आणि एकेका माणसासाठी आयजीजी महत्त्वाची ठरली ती लसीत. डेंगव्हॅक्सिया ही लस आधी डेंग्यू होऊन गेलेल्यांना उपयोगी, पण न झालेल्यांना पुढे डेंग्यू झाला तर तो जास्त तीव्र होण्याचा धोका, हे 2017 मध्ये समोर आलं. त्यानंतर लस देण्याआधी रक्त तपासा, अशी शिफारस आली. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि वेगळ्या प्रकाराची दुसरी लागण जास्त वाईट असू शकते, त्यातलंच हे. कमिटीत मात्र हे सांगू नका, नाहीतर 'माझी आयजीजी पॉझिटिव्ह, आता मी मरतो' असं ग्रुपवर सुरू होईल.

कळव्याची_लॅबवाली
शिवाय डेंग्यूची आयजीजी झिका आणि जपानी मेंदूज्वराशी मिसळते, एकाच कुळातले विषाणू. पुरंदरच्या बेलसरला 2021 मध्ये झिका सापडला तेव्हा नुसत्या अँटीबॉडीवर निदान करणं का अवघड असतं ते पुन्हा दिसलं. खात्रीसाठी न्यूट्रलायझेशन (अँटीबॉडी नेमक्या कुठल्या विषाणूला अडवतात ते बघणारी तपासणी) करावी लागते, आणि ती नेरूळच्या क्लबहाउसमध्ये होत नाही.

पामबीच_वारा
अपडेट. कमिटीची मीटिंग झाली. सगळ्यांची तपासणी रद्द. ज्याला करायचीय त्याने स्वतःच्या पैशाने करावी. कोपरीच्या मावशींचा मुद्दा मांडला तेव्हा दोन बायका उठून बोलल्या, त्यांच्याच घरची नावं तेव्हा बोर्डावर होती. त्यानंतर कुणी वाद घातला नाही. अळ्यांची पाहणी पुढच्या रविवारी, कॉलेजची पोरं करणार. चेअरमननी लॅबला मात्र व्हिटॅमिन डी आणि बी-12 साठी बोलावलंच आहे.

घोडबंदरी
मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

नवखा_एमएस्सी
पामबीच काका, पाहणीला मी येऊ शकतो. आकडेमोड्या, मुलांच्या पाहणीचा प्रोजेक्ट डोक्यात बसलाय. किती नमुने लागतील?

आकडेमोड्या
अपेक्षित प्रमाण 30 टक्के, चूक पाच टक्क्यांच्या आत हवी, तर 3.84 (95 टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) गुणिले 0.3 गुणिले 0.7 भागिले 0.0025, म्हणजे 323. एकाच गल्लीतली मुलं एकसारखी असतात म्हणून दुप्पट कर, साडेसहाशेच्या आसपास. त्यात नकार देणारे वेगळे. एमएस्सीच्या वर्षात झेपणार नाही. दोनच गट घे आणि गाइडशी बोल. आईबापांची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी याशिवाय एक थेंबही काढू नकोस. त्यापेक्षा सोपं हवं असेल तर जोडनमुने कर. तीच मुलं जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. जूनमध्ये निगेटिव्ह असलेल्यांपैकी डिसेंबरात किती पॉझिटिव्ह, ती या पावसाळ्याची लागण. सोसायटीला हवं होतं ते उत्तर खरं तर असं मिळतं.

नवखा_एमएस्सी
मग जूनचं सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) डिसेंबरपर्यंत ठेवावं लागेल ना? आमच्याकडे उणे वीसचा डीप फ्रीझर आहे, पण लाइट जाते.

कळव्याची_लॅबवाली
ठेवावंच लागेल. दोन्ही नमुने एकाच प्लेटवर एकाच दिवशी लावायचे, नाहीतर फरक माणसातला की किटच्या बॅचमधला ते कळत नाही. रक्त घेतल्यावर गुठळी होऊ दे, सेंट्रिफ्यूज कर, सिरम लगेच वेगळं काढ. लालसर दिसलं तर ते हिमोलाइज झालंय, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यात, टाकून दे. आठवडाभराचं काम असेल तर फ्रिजच्या 2 ते 8 अंशांत चालतं, त्यापुढे उणे वीस. मुख्य म्हणजे पुन्हापुन्हा वितळू देऊ नकोस. प्रत्येकाचं सिरम दोन-तीन छोट्या कुप्यांत वाटून ठेव, लागेल तेवढीच काढ. लाइट जात असेल तर फ्रीझरला इन्व्हर्टर लाव, नाहीतर दुसऱ्या लॅबमध्ये एक संच ठेव. आणि मार्करने नंबर लिहू नकोस, बर्फात पुसला जातो. क्रायो लेबल मिळतात, ती घे.